वाटाण्याएवढ्या माशाचे दात

नाही, पण मला एक सांगा, बदकाला गोगलगायच लागते का? कापणी झालेलं शेत आहे, भाताचे दाणे सांडलेत, किडे आहेत, बेडूक आहेत, आणि चार हजार बदकांना एकजात गोगलगाय हवी, तीही कुठली, तर नेमकी मला हवी ती, करंगळीच्या नखाएवढी, पातळ कवचाची... आणि मला कशाला हवी? मासा आहे घरी. फुगा मासा. केवढा? वाटाण्याएवढा.

हसा. सगळे हसतात. आमच्या केरळातल्या कुट्टनाडात मासा पाळतो म्हटलं की माणूस कामातून गेला असंच धरतात. मागच्या पायरीला पंपा नदी टेकलेली, मासा धरायचा, तिखट-हळद लावायची, आंबट घालून मडक्यात शिजवायचा, एवढाच आमचा आणि माशाचा संबंध. त्यातून हा मासा आमच्याच नदीतला. लहानपणी पोहायला उतरलो की पायाशी घुटमळायचा, पण विषारी आहे, खाऊन बघू नका म्हणायचे, म्हणून ढुंकून कोणी बघत नव्हतं. तो मासा मी चंगनाशेरीच्या दुकानातून, पिशवीत पाणी भरून, बसमध्ये मांडीवर घेऊन आणला. शेजारची एलियाम्मा कुंपणावरून म्हणते, "ईप्पच्चाया, नदी आटली की काय?"

पण मला काय हौस होती? शोशाम्मासाठी केलं. शोशाम्मा म्हणजे माझी बायको. आठ महिन्यांपूर्वी सकाळी न्याहारीचा तांदळाचा पुट्टू वाफवता वाफवता चुलीपुढे खाली बसली, ती उठली ती उजवा हात आणि वाचा तिथंच ठेवून. आणि वाचा कोणाची गेली बघा. मी चाळीस वर्षं शेतावरचा पंपवाला, आमची शेतं समुद्राच्याही खाली, पाणी उपसून फेकल्याशिवाय भाताचं रोप उभं राहत नाही, त्या मोटरीच्या धडधडीवरून हिची हाक मला ऐकू यायची, "जेवायला येताय की मोटरीशीच लग्न लावताय?" ती बाई गप्प. बरं, गप्प असती तरी मी चालवून घेतलं असतं हो, पण ती बघेचना. मी पुढे बसलो की नजर भिंतीवर. भिंतीकडे जाऊन उभा राहिलो की नजर छतावर. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तिच्याकडून बोलायचे व्यायाम करून घ्यायला जिन्सी म्हणून मुलगी येते. ती म्हणाली, "अप्पच्चा, यांना हलतं काहीतरी बघायला द्या." टीव्ही लावला, हिने डोळे मिटले. मग मासे. सहा आणले. दुकानदार म्हणाला, "काही त्रास नाही अंकल, दाणे टाका, खातात." दाणे टाकले. सहाही जणांनी दाण्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मग एकमेकांना खायला घेतलं. शेपट्या कुरतडल्या, कल्ले फाडले, नुसती भाऊबंदकी. तीन आठवड्यांत सहाचा एक राहिला. तो एवढ्या मोठ्या पेटीत छाती काढून फिरतोय, जशी काही वडिलोपार्जित मिळकत. आणि केवढा? वाटाण्याएवढा.

आणि तुम्हाला सांगतो, शोशाम्माची मान वळली.

खरंच वळली. त्याचे डोळे असे, की एक इकडे फिरतो, एक तिकडे, आणि मग दोन्ही तुमच्यावर रोखून तो काचेला येऊन थांबतो. तो थांबला की ही डाव्या हाताचं बोट काचेला लावायची. बोट सरकलं की हा सरकायचा. तासन्‌तास चालायचं त्यांचं. मी कांजी घेऊन बाजूला उभा, मला कोणी विचारत नाही. जिन्सीने एकदा ते बघितलं आणि मला ओसरीवर ओढून म्हणाली, "अप्पच्चा, त्या ओठ हलवतायत. शब्द अगदी दाराशी आलाय. या माशाला काही होऊ देऊ नका." झालं. म्हणजे आता माझ्या बायकोचा शब्द कोणाच्या तोंडात अडकला? वाटाण्याएवढ्या माशाच्या.

आणि त्या तोंडात दात. आमची ब्लेसी मस्कतला दातांच्या दवाखान्यात नर्स आहे, तिने कुठून कुठून वाचून फोन केला. "अप्पा, त्याचे दात जन्मभर वाढतात. गोगलगाई फोडून फोडून झिजले पाहिजेत. नाहीतर तोंडच उघडणार नाही, उपाशी मरेल." मग काय, अडुसष्टाव्या वर्षी कमरेची मुंडू लुंगीसारखी वर खोचून, हातात डबा घेऊन, गुडघाभर चिखलात मी गोगलगाई वेचतोय. रोज दहा-बारा. तो कवच फोडायचा तेव्हा कटकन आवाज यायचा, आणि शोशाम्माचा ओठ एका बाजूने वर जायचा. आजारानंतरचं ते पहिलं हसू. मी म्हटलं, वेचतो बाई, मरेपर्यंत वेचतो.

आणि मग आली बदकं. कापणीनंतर दरवर्षी येतात, शेत साफ करतात, गोगलगाय पुढच्या रोपाला लागू नये म्हणून. बोलवायचा ठराव शेतकऱ्यांच्या बैठकीत कोणी मांडला होता? मीच. दरवर्षी मीच मांडतो. तेव्हा घरात मासा नव्हता ना.

बदकवाल्या औसेप्पाच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. "औसेप्पा, एक कोपरा सोड रे."

"ईप्पच्चाया, बदकाला रेघ मारून दाखवू? इथून पुढे ईप्पच्चायाच्या गोगलगाई, तोंड लावायचं नाही?"

"शोशाम्मासाठी मागतोय."

त्याने डोक्याचा पंचा काढून हातात घेतला. मग एक बदक धरलं, मान मुरगाळली आणि पोट चिरून दाखवलं. चाळीसेक गोगलगाई निघाल्या. सगळ्या भुगा. त्याला बिचाऱ्याला काय करावं कळेना, बदकच माझ्या हातात दिलं. ते आम्ही खाल्लं. मासा उपाशीच.

पलीकडच्या शेतात गोगलगाई होत्या, पण तिथं औषध मारलेलं, मला वासावरून कळतं. बरणीत गोगलगाईंची पिल्लं घातली होती, ती खसखशीएवढी, वाढायला दोन महिने. इथं दोन दिवस नव्हते. माशाचं पोट आत गेलं, वरचा दात खालच्यावर चढला. गांडूळ समोर धरलं तरी तो नुसता बघायचा, तोंड उघडायचं नाही. आणि शोशाम्माने कांजीचा चमचा परतवला. तो खात नाही तर हीही खात नाही. आता बोला.

ब्लेसी म्हणाली, "अप्पा, दात कापावे लागतील. मी फोनवर सांगते." सकाळी दहा वाजता शोशाम्माच्या खुर्चीपुढेच टेबल मांडलं, तिला आत नेऊ म्हटलं तर डाव्या हाताने टेबल धरून बसली. फोन डब्याला टेकवून उभा केला. वाडग्यात पाणी, पाण्यात लवंगेचं तेल, त्याने मासा झोपतो. "एकच थेंब अप्पा, एकच." मी बाटली वाकडी केली. एक पडला... आणि त्याच्या मागून अजून एक पडला का? पडला असावा. मी ब्लेसीला बोललो नाही. मासा आडवा झाला. ओल्या कपड्यात धरला, नखाची कातडी कापायच्या कात्रीचं टोक दाताला लावलं. कट. सुरेख कापला हो. ब्लेसी म्हणाली, "आमच्या डॉक्टरलाही असा जमला नसता." स्वच्छ पाण्यात सोडला आणि वाट बघत बसलो.

पाच मिनिटं. दहा. ब्लेसी तिकडून हळू विचारते, "अप्पा, कल्ला हलतोय?" मी पाणी हलवतोय, म्हणजे तो हलल्यासारखा दिसावा. कोणाला फसवत होतो? समोर ती बसलेली, आणि तिची नजर वाडग्यात. मग ती नजर वर आली. माझ्यावर. आठ महिन्यांत पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत, आणि ओठ हलले, आणि आवाज आला, खडखडीत, मोटरीवरून यायचा तसा.

"मारलंत."

फोनमध्ये ब्लेसी रडायलाच लागली, "अप्पा, अम्मा बोलली!" व्यायामासाठी आलेली जिन्सी ओसरीवरून धावत आली, तिने माझे दोन्ही हात धरून हलवले. वर शोशाम्माच्या डॉक्टरांनाही कळवलं. डॉक्टर खूष. म्हणाले, शब्द सुटा आलाय, स्पष्ट आलाय, जाऊ द्यायचा नाही, तोच रोज सकाळी दहा वेळा म्हणवून घ्या. मी दुकानातून दुसरा मासा आणला, तिने बघितलाही नाही. तिला आता माशाची गरजच नाही, ती माझ्याकडे बघते.

तेव्हा रोज सकाळी कांजी झाली की मी खुर्ची ओढून तिच्यापुढे बसतो आणि म्हणतो, बोल शोशाम्मे. आणि ती बोलते. दहा वेळा. एखाद्या दिवशी आठवरच दमते, तर मीच म्हणतो, अजून दोन राहिले.