आधी आपण

...आणि वर मला सांगतात, डोंगर विझलेला आहे! अहो, डोंगर विझलाय, उतार विझलाय का? तुम्हाला सांगतो, मी अर्दबीलच्या बाजारात मध विकणारा माणूस, शिडीवर चढून वरची बरणी काढायची म्हटली तरी माझे पाय कापतात, पण जीभ... जीभ गोड! सासरे, यदुल्ला-आगा, जेवता जेवता म्हणाले, गुडघे जायच्या आत एकदा सावलानच्या, त्या विझलेल्या ज्वालामुखीच्या, माथ्यावरून स्कीने उतरायचंय. मी म्हणालो, ‘आपल्यावरून जीव ओवाळून टाकीन, मी येतो सोबत.’ आता आमच्याकडे रीत काय? आपण तोंडदेखलं म्हणायचं, समोरच्याने तीनदा नको म्हणायचं आणि आणखी भात वाढून घ्यायचा! यांनी एकदाही नको म्हटलं नाही हो. बायको, सोल्माझ, ती नुसती ताटात बघून हसली.

चढलो. डोंगर विझलेला आहे, डोंगर विझलेला आहे... असा जप करत चढलो. माथ्यावरचं तळं गोठून दगड झालेलं, वारा असा की दाढी जागेवर राहते की नाही अशी शंका, आणि पुढे तो उतार... उतार कसला, भिंतच ती, चुना फासलेली! पाय लटपटायला लागले, आणि पायात स्की, म्हणजे लटपटसुद्धा पुरुषभर लांब! मी म्हणालो, ‘आधी आपण.’ आयुष्यात पहिल्यांदा मनापासून म्हणालो हो! ते म्हणाले, ‘छे, आधी आपण.’ ‘वडीलधारे आपण.’ ‘जावई आपण.’ खालून ढग चढत होते आणि आम्ही दोघं आपले छातीवर हात ठेवून एकमेकांपुढे वाकतोय! शेवटी म्हातारा हळूच म्हणाला, ‘जावईबापू, मला भीती वाटते.’

मीही घाबरलोय, असं सांगायला तोंड उघडलं, आणि ही जीभ, मला न विचारता, म्हणाली, ‘मग मी पुढे होतो, आपण माझ्या मागून या.’

गेलो! थोडा पायांवर, बराचसा पाठीवर, एका ठिकाणी तर डोक्यावर... आपण मेलो असंच धरून चाललो होतो. विझलेला म्हणे! खाली पडल्या पडल्या वर पाहिलं, तर सासरे स्की खांद्यावर टाकून, कडेच्या वाटेने, जपून जपून चालत येताहेत! विचारलं, चालतच यायचं होतं तर बोलला का नाहीत? म्हणाले, ‘आपण इतक्या अगत्याने पुढे झालात, मी मोडता कसा घालणार?’

आणि मी काय म्हणालो असेन? तोंडातला बर्फ थुंकलो आणि म्हणालो, ‘आपली कृपा.’