पाचव्या सायबाचं पान

माजं नाव शेवंता. माहेर साताऱ्याकडचं, आन पंधराव्या वर्साला मी हितं कुंडलच्या म्होरं, ह्या डोंगराच्या अंगाला लगीन करून आले. काय सांगू तुमाला, हळद उतरून चार म्हयनं झालं नव्हतं तवर म्हाळ आला, म्हंजी पितरांचं दिस, आन सासूबाईनं घरावर पानं मांडली. मी खालनं मोजली. दोन आपल्या म्हाताऱ्यांची, आन शेजारी आनखी पाच. मी इचारलं, आत्या, ही पाच कुनाची वो? त्या म्हनल्या, ती सायबांची. मला वाटलं बापानं दिलं बाई येड्यांच्या घरात.

तर झालं हुतं आसं, त्या मोठ्या लढाईच्या टायमाला, माज्या जल्माच्या लय आदी, बाम टाकायचं इमान ढगात चुकलं आन हितल्या कड्याला धडाकलं. आमचं मामंजी, म्हंजी माजं सासरं, तवा ऐन पंचविशीतलं, गडी घिऊन वर गेलं. चार गोरं सापडलं, चौघंबी गेल्यालं, कवळी पोरं हुती हो. बायकांनी आपली लुगडी दिली, त्यात गुंडाळून खाली आनलं, दुसऱ्या दिशी मिलटरीची गाडी आली आन त्यांना घिऊन गेली. पर मामंजींना तितं पत्र्याचं कप घावलं, मोजलं तर पाच. मामंजी म्हनलं, कप पाच तर मानसं पाच, पाचवा जळून राख झाला बिचारा. मिलटरीच्या सायबाला सांगाय गेलं, तर सायब इंग्रजीत वरडला, मामंजी मराठीत वरडलं, आन इषय मिटला.

आन पानं कशापायी, तर मामंजींचा धाकला भाऊ त्याच लढाईत परमुलखात गेला, त्येचं हाडबी माघारी आलं न्हाई. सासूबाई म्हनल्या, तितं आपल्या पोराला कुनी घोटभर पानी दिलं आसंल, आपून हितं ह्यांना घास दिऊ. 

हां, तर कावळा. चार पानं कावळा बरूबर खायाचा, वडा म्हनू नका, खीर म्हनू नका. पाचव्या पानाकडं मान वाकडी करून बघायचा आन उडून जायाचा, दर साली! आता कावळा शिवला न्हाई म्हंजी मेल्याल्याची कायतरी इच्छा ऱ्हायली, आन कावळा शिवल्याबिगर घरात कुनी जेवायचं न्हाई. पोटात कावळं वरडायचं, पर वरचा कावळा काय हलायचा न्हाई. दुपार कलली की मामंजी दर्भाचा कावळा करून पानाला टेकवायचं, तवा कुठं ताटं वाढायची.

मग आमी सायबाची इच्छा हुडकाय लागलो. एक साल पाव आन अंडं ठिवलं. एक साल फौजेतनं सुट्टीवर आल्याल्या भावकीतल्या गड्यानं रमचा पेला ठिवला, ती रम कोंबडीच प्याली आन दोन दिस खुराड्यात उलटी बसली. एक साल शिगारेट पेटवून ठिवली, ती सारखी इझायची, म्हनून मामंजी घरावर बसून वडत ऱ्हायलं, जल्मात बिडी न वडल्यालं मानूस, खोकून खोकून खाली यायची पंचाईत. आमच्या मालकांनी तर मिरजेस्नं केक आनला. बेकरीवाल्यानं इचारलं, नाव काय लिवू? ह्यांनी सांगितलं, पाचवा सायब. त्येनं तसं लिवून दिलं, गुलाबी अक्षरात. मुंग्यांनी खाल्ला.

मामंजी जाताना माजा हात धरून म्हनलं, पोरी, समदं झालं, त्या पाचव्याचं तेवढं बघ. मी व्हय म्हनले. मग मालक गेलं, माजं गुडघं गेलं, लेक कुपवाडला कारखान्यात, सून सुनंदा मिरजेला दवाखान्यात नर्स. सुनंदा त्वांडावर सांगायची, आत्या, तुमच्या माघारी मी सायबाचं पान करनार न्हाई. मला झोप लागंना. मामंजींना वर जाऊन काय सांगू, पाचवा उपाशीच ठिवून आले?

आन परवाच्या संकरातीला दारात गाडी हुबी. एक गोरी बाई उतरली, सुनंदाच्या वयाची. इमान पडल्याली जागा बगायची म्हनं, आज्जा त्या इमानात हुता. सुनंदा तिचं इंग्रजी मला मराठीत सांगत हुती. मी इचारलं, चौघातला कुठला? ती म्हनली, पाचवा. मी हात जोडलं, म्हनलं, बाई, आमी लय केलं, त्येचा आत्मा काय शांत हुईना. ती म्हनली, शांत कसा हुईल, आज्जा तर गेल्या दिवाळीलाच वारला, पार शंभरीला टेकून.

आवं, मी इचारलं, मग कड्यावर जळून राख झाला त्यो कोन? इमान धडकायच्या आदीच त्यो हवाई छत्री घिऊन उडी मारल्याला, वाऱ्यानं किस्ना नदीच्या पल्याड पडला. शेतात तण भांगलनाऱ्या बाईनं त्येला भाकरी आन मिरचीचा खर्डा दिला. त्येला वाटलं इख घातलं, लागला वरडाय, आन बाई हासाय लागली. मग आनखी एक भाकरी मागून खाल्ली म्हनं. लोकांनी बैलगाडीनं मिरज ठेसनाला पोचवला. जल्मभर बायकोला म्हनायचा, तसलं कर, आन त्या माउलीला जमलं न्हाई.

मी म्हनले, बाई, चुकलं आमचं, जित्या मानसाचा म्हाळ घातला. ती हासता हासता रडाय लागली, म्हनली, आज्जी, म्हनून तर एवढा जगला.

ह्या म्हाळाला सुनंदानं रजा काढली. मी कायबी सांगितलं नव्हतं, तिनं आपल्या हातानं भाकरी थापली, खर्डा रगाडला आन पाचवं पान मांडलं. कावळा आला, ते आदुगर पाचव्याच पानावर! भाकरीचा तुकडा खर्ड्यासकट उचलला, गिळला, आन थेट हौदावर गेला पानी प्याय. मी मामंजींच्या फोटूकडं बगून म्हनले, जेवला वो तुमचा पाचवा. सुनंदा पदरानं डोळं पुसत हुती, वर म्हनती, खर्डा डोळ्यात गेला.

आता माजं काय ऱ्हायलं न्हाई, कवा बी बोलावनं येऊ द्या. तुमीबी सुखात ऱ्हावा. सुनंदाला तेवढं सांगून ठिवलंय, माज्या पानावर काय बी वाढ, केक ठिवू नगंस.