सातव्या होलजवळच्या पायवाटेबाबत

मी, विद्याधर मोरेश्वर रणदिवे, वय ७१ वर्षे, धंदा – सेवानिवृत्त (पूर्वी औषध कंपनीत स्टोअरकीपर), राहणार यारी रोड, वर्सोवा, अंधेरी पश्चिम, मुंबई, आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी पत्नी कुंदा हिच्यासह राहतो. शाळा लवकर सुटली, त्यामुळे जे काही येते ते बघून बघून शिकलो. गोल्फही तसाच. निवृत्त झाल्यावर चोरबाजारातून एक जुनी काठी आणली आणि गच्चीवर मासेमारीचे जाळे टांगून त्यात चेंडू मारत आलो. ते जाळे मला मंजुळा धर्मा भानजी, वय अंदाजे ५५, हिने दिले. ती कोळीवाड्यात राहते, कित्येक वर्षे आमच्या दारी मासळी घेऊन येते आणि मला भाऊ म्हणते. जाळे देताना, "काय रं भाऊ, या वयात गोट्या खेलाला लागलास?" असे म्हणून ती पोट धरून हसली होती.

खऱ्या मैदानावर मी कधी खेळलो नव्हतो. खाडीकडच्या भरावावर नवीन गोल्फचे मैदान सुरू झाले, तेव्हा पहिल्याच रविवारी सकाळी आमच्या इमारतीतील देवव्रत सबनीस हे मला पाहुणा म्हणून घेऊन गेले. ते बँकेत अधिकारी असून बरीच वर्षे खेळतात. मैदान कसे वाटले ते जबाबात नको, असे हवालदारसाहेबांचे म्हणणे पडले. परंतु मी ते लिहून घेण्याची विनंती केली, कारण त्याशिवाय पुढचे कळायचे नाही. गवत असे की बूट काढून हातात घ्यावेत. खाडीचा वारा अंगावर येत होता. गच्चीवर माझा चेंडू जाळ्यात जाऊन पडे. तो मोकळा सोडला तर कुठवर जातो, हे मी त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा पाहिले. सबनीस "झकास, काका" म्हणाले. मी लहान पोरासारखा हरखून गेलो होतो.

तिसऱ्या होलवर सबनीस मारण्याच्या बेतात असताना मी वाऱ्याबद्दल काहीतरी बोललो आणि त्यांचा फटका वाया गेला. ते रागावले नाहीत. हसतच म्हणाले, "काका, समोरच्याने काठी उचलली ना, की श्वासाचाही आवाज नको. एवढं पाळलंत की तुम्ही पक्के गोल्फर." गच्चीवर एकट्याने खेळणाऱ्याला हे कोण सांगणार? मी ते मनात पक्के केले.

सातव्या होलच्या बाजूने कोळीवाड्यातून बोंबील वाळवायच्या जागेकडे जाणारी जुनी पायवाट आहे. ती बंद केलेली नव्हती. बायका येताना दिसल्या की वॉचमन शिट्टी मारील, तेव्हा खेळ थांबवायचा, असे आत शिरतानाच आम्हाला सांगितले होते. त्या दिवशी पाहुण्यांच्या गाड्या लावून घ्यायला वॉचमनला गेटवर नेले होते. त्याचे स्टूल रिकामे मी पाहिले. मंजुळा चोरून आत घुसली, असे मैदानाच्या व्यवस्थापकांनी सांगितल्याचे मला आज येथे कळले. ते खोटे आहे. ती तिच्या वाटेने चालली होती.

सबनीस यांनी काठी उचलली, त्याच वेळी झाडांआडून मंजुळा डोक्यावर टोपली घेऊन पायवाटेवर आली. सबनीस यांची नजर चेंडूवर होती. मला ती दिसली. चालण्यावरूनच मी तिला ओळखले. मी बोललो नाही. काठी खाली येईपर्यंत गप्प राहिलो. चेंडू उजवीकडे वळला, तसे सबनीस "फोर, फोर" असे ओरडले. सांभाळा, या अर्थाने तसे ओरडतात. तिला ते काय ठाऊक? ती थांबली आणि कोण ओरडतेय म्हणून आमच्याकडे वळून बघू लागली. चेंडू तिच्या कानशिलावर लागला. पडण्याआधी तिने मला ओळखले असे मला वाटते. खात्रीने सांगता येत नाही.

सबनीस यांनीच तिला उचलून आपल्या गाडीतून रुग्णालयात नेले. त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. त्यांना अन्न जात नाही, असे त्यांच्या पत्नी सई सांगतात.

मंजुळाच्या मेंदूत रक्त साचले आहे. ती शुद्धीवर येईल अशी आस धरू नका, असे डॉक्टरांनी तिचे पती धर्मा यांना सांगितले आहे. धर्मा बाहेरच्या बाकावर बसून असतात. कुंदा रोज डबा देते, मी तो नेतो आणि तसाच परत आणतो. काल धर्मांनी मला विचारले, "भाऊ, तुला ती दिसली व्हती?" मी हो म्हणालो. "मग हाक का नाय मारलीस?"

मी त्यांना तो नियम सांगितला. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतले. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारले. रागाने नाही, पहिल्यांदा नीट कळले नसावे तसे. मी पुन्हा तेच सांगितले. आता येथून मी रुग्णालयातच जाणार आहे. ते पुन्हा विचारतील. मी पुन्हा तेच सांगेन.

वर लिहिलेले हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखविले. ती दिसत असूनही मी गप्प राहिलो, हे असेच ठेवायचे का, असे त्यांनी थांबून विचारले. मी ठेवा म्हणालो. बाकीचेही मी सांगितले तसेच उतरले असून खरे आहे.

(सही)
विद्याधर मोरेश्वर रणदिवे