यू-के-व्ही-डी म्हणजे नाटक

...आणि माझ्या नाटकाचा कागद बघून वर मलाच विचारतात मंडळातले, ‘ही कुठली भाषा?’ अहो, मराठी आहे, मराठी! हसू नका! पडदा उघडायला वेळ आहे म्हणून रसिकहो, तुम्हाला सांगतो, जन्मभर मी या मंडळाचा प्रॉम्प्टर. कारण दिल्लीतल्या मराठी नाटकात पाठांतर करतंय कोण? सगळी भिस्त विंगेतल्या माणसावर! म्हटलं, बास! यंदा गणपतीतलं नाटक मी लिहिणार, नायकही मीच, आणि विंगेत बसतील राजाभाऊ. होणार म्हणजे होणार!

ऑफिसात लंच टाइमला टाइप केलं, पेन ड्राइव्हवर घातलं, मयूर विहारला आणून आज मंडळाच्या कॉम्प्युटरवर उघडलं... तर काय? सगळी एबीसीडी! म्हणजे असं बघा, ऑफिसचं मशीन आत ‘यू’ लिहितं आणि वर फॉन्टचा मुखवटा चढवून ‘न’ दाखवतं. मंडळाच्या मशीनकडे तो मुखवटाच नाही! फॉन्ट बदलणारा कन्व्हर्टर लावला, तर नुसते चौकोन! ऑफिसला आज सुट्टी, कुलूप! पहिली घंटा व्हायची, आणि राजाभाऊ तो एबीसीडीचा प्रिंट हातात धरून घाम पुसतायत.

आमचे सेक्रेटरी विलास लगेच, “छोडो यार शांतारामजी! नाटक कॅन्सल. अंताक्षरी ठेवू, हिंदी गाण्यांची. पब्लिक बिल्कुल खूश!”

अंताक्षरी? गणपतीसमोर? मी फेटा बांधून, मिशी चिकटवून उभा, आणि अंताक्षरी? म्हटलं, नाटक होणार म्हणजे होणार! प्रिंट हिसकावला आणि धडाधडा वाचायलाच लागलो! यू, के, कॅपिटल व्ही, डी... नाटक! अहो, उभी नोकरी त्याच कीबोर्डवर बोटं झिजवली, मला कशाला हवा मुखवटा? पहिला अंक एका दमात! सगळे टाळ्या वाजवतायत, माझी छाती ही एवढी फुगलेली...

आणि आमची अलका, माझी सख्खी बायको हो, काय म्हणाली? “अहो, हे तुमच्याशिवाय कुणालाच वाचता येत नाही ना? मग विंगेत कोण बसणार?”

मी म्हटलं, माझं मला पाठ आहे! तर म्हणते, “तुमचं आहे हो, बाकीच्यांचं काय?”

झालं! फेटा विलासच्या डोक्यावर गेला. मिशी तेवढी राहिली, ती निघतच नाहीये! पण नाटक होणार म्हणजे होणार, आणि मराठीतच होणार! फक्त एक करा... डाव्या विंगेतून कुजबुज ऐकू आली, तर ‘श्शऽऽ’ करू नका. नायक बोलतोय.