अस्तरातला डावा टाका

माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरचे पाहुणे, संग्रहालयातले माझे सहकारी, आणि ज्यांना निवृत्तीचा निरोप द्यायला आपण जमलो ते आपले भिंगकाका, सर्वांना नमस्कार. कागद टेबलावर ठेवूनच वाचते.

काकांनी चौतीस वर्षं इटालियन सैन्याची जुनी शिरस्त्राणं पारखली. हातात भिंग आणि नाक टोपाच्या आत! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू फुटलं. तर म्हणाले, "हसू नका, सूनबाई. यात माणसाचं डोकं होतं की कुणी बटाटे ठेवले होते, ते आधी नाकाला कळतं." रंग काय, कुणीही फासेल. काका बघायचे ते हवेसाठीच्या तीन भोकांतले रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवलेले खिळे, आणि त्यांना धरून बसलेलं चामडी अस्तर. "टोपाला विचारावं, माणसाला विचारू नये," असं ते म्हणायचे.

माझे यजमान त्यांच्याच हाताखाली तपासनीस होते. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांची पुस्तकं वाचत मी हे काम शिकले आणि काकांनी मला साफसफाईच्या टेबलाशी जागा दिली. हे उपकार कसे फिटणार?

आता जे सांगायला उभी राहिले ते सांगते.

आजच्या निमंत्रणपत्रिकेवर ज्याचं चित्र आहे, ते शिरस्त्राण उद्या परदेशातल्या प्रदर्शनाला निघणार आहे. त्याच्या दाखल्यावर 'मूळ अस्तरासह, अस्सल' असं लिहिलंय. खाली दोन सह्या आहेत, यजमानांची आणि काकांची. मंगळवारी मी ते पुसायला घेतलं, अस्तराची कड उलटली आणि दिव्याखाली धरली. पट्टीच्या टोकाशी दोरा दोनदा मागे घेऊन खालून ओढलेला, आणि टाका उलट्या बाजूला कललेला. मी डावखुरी आहे. तो टाका माझा आहे.

बारा वर्षांपूर्वी यांनी एक कुजकं अस्तर घरी आणलं होतं. "एवढं शिवून दे गं, तुझा हात बारीक आहे." माझ्या जुन्या बॅगेचं चामडं कापून मी दोन पट्ट्या बसवल्या. विचारलंही, "दुरुस्ती केली असं लिहाल ना?"

"लिहितो गं बाई, तू शिव आधी."

लिहिलं नाही. विसरले, की लपवलं? कुणाला विचारू?

आणि काका? हे गेले तेव्हा तुम्ही माझ्या दारात रडत म्हणाला होतात, "त्याची सही असली की मी भिंग काढत नसे." या टोपाच्या वेळीही तुम्ही टोपाला नाही, माणसाला विचारलंत.

बोलले नाही, तर टोप पोचल्यावर तिकडचे जाणकार कड उलटतील आणि तुमच्या चौतीस वर्षांवर पाणी पडेल. आज बोलले, तर गेलेल्या माणसाला चोर म्हणतील आणि तो उत्तर द्यायला यायचा नाही. दोन्हींची भीती वाटते. अजूनही वाटतेय.

काका, उठू नका. नाही, उठलातच तर या. टोप मी मागच्या खोलीत, पेटीबाहेर काढून ठेवलाय. दाखल्यावर खरं काय ते तुमच्याच हातानं लिहा.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही चुकलं असेल तर पदरात घ्या. टाक्यातली चूक मात्र, काका, पदरात घेऊ नका. ती भिंगाखाली घ्या.