नाव सोडून सगळं

...आन वर ती शबनूर मलाच म्हणती, ‘चाचा, थोडक्यात सांगा!’ आता तुम्हीच सांगा पावणं, अनोळखी माणसाकडं काम काढायचं, आन थोडक्यात? शेजारणीच्या दारात जाऊन ‘ए, साखर दे’ म्हणतो का आपण? आदी ‘काय चाललंय, पोरं काय म्हणत्यात’ असं इचारायचं, चहाला नको नको म्हणायचं, प्यायचा, आन मग उठता उठता साखरंचा इषय काढायचा! तसंच सांगितलं की मी त्या इंटरनेटला. मी बोलत गेलो, शबनूर इंग्रजीत बडवत गेली. ‘सलाम. मी बादशहा, गाद्या भरतो, कोल्हापुरात गंगावेशीजवळ ऱ्हातो. तब्बेत बरी हाय, गुडघा तेवढा धरतोय. आपणबी खुशाल असाल. पत्रास कारण की, आमचा एक माणूस हरवलाय...’ आन त्यानं काय दावलं? गुडघ्याची औषधं! पानंच्या पानं! म्हंजे एवढ्या सगळ्यातनं त्याला माझा गुडघा तेवढा गावला!

शबनूर म्हंजे आमच्या गल्लीतल्या तौसीफची बायको वो. घराच्या पुढच्या खोलीत चार कम्प्युटर मांडून नेट कॅफे काढलाय तिनं. आता दोन हजार चार साल, गल्लोगल्ली ह्येच झालंय. आदी त्या खोलीत माझ्याकडनं भरून नेलेल्या गाद्या असायच्या, आता ही खोकी. तीच म्हणाली, ‘चाचा, कुणाला हुडकालासा? जगातलं सगळं ह्यात हाय. नाव सांगा.’

नाव! तिथंच तर घोडं अडलं की!

आवो, हा जो कट्टा, तुम्ही आत्ता बसलासा न्हवं, आगदी तिथंच बसायचा तो. सांजच्याला ज्ञानू गवळी म्हशी आणून बांधतो, समोर धार काढतो, पेला हातात देतो, ते तुम्ही बघालासाच. मी यायचो, तोबी यायचा. पैल्या दिवशी म्हणाला, ‘सरका की पावणं.’ मी म्हणालो, ‘बसा की पावणं.’ झालं! तिथनं जे बोलाय लागलो ते कैक वर्षं. आपल्यात एकदा पावणं म्हटल्यावर नाव कोण इचारतो? आन एवढी वर्षं मांडीला मांडी लावून बसल्यावर मग कुठल्या तोंडानं इचारायचं, ‘तुमचं नाव काय वो?’ लाज वाटती की! मग सगळं ठाव हाय मला त्याचं. दुधात साखर नको. डाव्या कानानं ऐकू येत न्हाय, म्हणून मी कायम उजवीकडं. बायको गेलेली, माझ्या सुलतानबीसारखीच. पोरगा परगावी, सूनबाई गुणाची पर आमटीला मीठ घालत न्हाय. शिंकला की तीनदा शिंकतो, आन चौथी आली की स्वतःच दचकतो. सगळं ठाव हाय... नाव ठाव न्हाय!

बरं, गेला तर नीट जावं का न्हाय? त्या दिवशी एक गोष्ट सांगालता. आजऱ्याला ह्येच्या मामाचं लगीन. वरात आली, वाजाप जोरात, आन नवरदेवाचं घोडं मांडवात जायचं सोडून शिरलं थेट काजूच्या गोडाउनात! नवरदेव वरच! आन दार आतनं बंद! मी म्हणालो, ‘मग?’ तर ह्यानं पेला पालथा घातला, धोतराचा सोगा झाडला, आन म्हणाला, ‘उरलेलं उद्या सांगतो, पावणं.’

ती उद्या अजून आली न्हाय.

चार दिवस म्हणालो, सर्दी झाली असंल. मग म्हणालो, पोराकडं गेला असंल. ज्ञानूला इचारलं, ‘अरं, त्ये माझ्या शेजारी बसायचं, त्येंचं नाव काय रं?’ म्हणाला, ‘कोण? पावणं व्हय?’ म्हणालो, ‘आन माझं नाव काय?’ ‘तुमचं? पावणंच की!’ तिच्यायला! एवढ्या वर्षात ज्ञानूला म्हशींची नावं पाठ, गंगी, हौशी, राणी... आन आम्ही दोघं नुसतं पावणं!

खरं सांगू का? मला भीती एकच हाय. माणूस मेला तर पेपरात छापून येतंय, फोटो येतो, खाली नाव येतं. पर नाव ठाव नसलं तर कसं कळणार? चष्मा लावून रोज फोटो बघतो मी. अजून तरी न्हाय. म्हंजे हाय. म्हंजे कुठंतरी हाय.

म्हणून ह्या खोक्यासमोर बसलो वो! न्हायतर मला काय हौस हाय? पैल्यांदा माझ्या बोटानं, एकेक इंग्रजी अक्षर हुडकत, ‘पावणा’ घातलं. आलं काय? पवना धरण! पुण्याकडचं! किती भरलं, कुठनं जायचं, तंबू ठोकून ऱ्हायची सोय हाय का... शबनूर म्हणाली, ‘चाचा, नको असंल त्या शब्दाच्या आदी वजाबाकीची खूण लावा, मग त्ये धरण वगळून दावतंय.’ लावली की खूण. धरण गेलं! मी बघतच ऱ्हायलो. आयला, एवढीशी आडवी रेघ, आन आख्खं धरण वजा! आमच्यातली माणसं तर खूण न लावताच वजा झाली. आदी सुलतानबी गेली. मग पोरी नांदायला गेल्या. मग फोमच्या गाद्या आल्या, गिऱ्हाईक गेलं. आन ऱ्हायला होता एक पावणा, त्योबी.

मग म्हणाली, ‘दोन शब्द जोडीनं पायजे असतील तर दोन्हीकडनं ही अशी अवतरणाची टिंबं लावा, म्हंजे त्यांची फारकत होत न्हाय.’ लावली टिंबं. ‘डावा कान’ घातलं, तर कानाची मशिनी! ‘घोडं’ आन ‘काजू’ घातलं, तर एकीकडं घोडी इकायला, दुसरीकडं काजूचा भाव! मग म्हणाली, ‘चाचा, तुम्ही परश्न घालू नगासा. उत्तर ज्या पानावर असंल, त्या पानावर कुठले शब्द असतील, त्याचा इचार करा, आन तेच घाला.’ बघा, पोरगी हुशार! मी डोळं मिटून इचार केला. काय असंल त्या पानावर? बिनसाखरंचं दूध असंल, तीन शिंका असतील, मीठ नसंल... ‘आन नाव,’ शबनूर म्हणाली. ‘पयलं नावच असंल की चाचा.’

सगळं ठाव हाय गं बाई... नाव ठाव न्हाय!

तवा तिनं खुर्ची वळवली, आन मऊ आवाजात म्हणाली, ‘चाचा, इंटरनेट काय आभाळातनं आणत न्हाय. कुणीतरी लिवलेलं असाय लागतं. तुमच्या पावण्याबद्दल कुणी लिवलंच नसंल, तर त्ये बिचारं काय दावणार?’ हे मातर पटलं मला. एवढा भला माणूस, आन त्याच्याबद्दल जगात एक वळ न्हाय! मी म्हणालो, ‘मग आपण लिवू की!’

परगावी गेलेल्या कोल्हापूरकरांची एक जागा हाय म्हणे त्यात, कुणीबी कायबी लिवायचं. तिथं लिवलं. ‘पावणं, घोडं गोडाउनात शिरलं, दार आतनं बंद झालं. फुडं काय झालं? दूध गार व्हालंय. आपला, पावणं.’ शबनूर म्हणाली, ‘खाली नाव घाला की चाचा.’ म्हणालो, ‘त्याला कुठं ठाव हाय माझं नाव?’

काय सांगू तुम्हाला, उत्तरांचा पाऊस! मस्कतवाला म्हणतो, ‘घोड्यानं काजू खाल्लं आन तिथंच झोपलं.’ अमेरिकंतला म्हणतो, ‘नवरीलाच खिडकीतनं आत घेतलं आन गोडाउनातच लगीन लावलं.’ एक पुण्याचा म्हणतो, ‘नवरदेव मागच्या दारानं पळाला, सुटला बिचारा.’ आन सगळ्यांचं शेवटी एकच, ‘आलो की पावणं, पेला भरून ठेवा!’ जगभर पावणंच पावणं! मी रोज हितं येऊन बघतोय, आला कोण? कोण न्हाय. मी आन म्हशी.

आन काल तर कहर! शबनूर दारातनंच वराडली, ‘चाचा, गावलं! पैला नंबर!’ मी चपला न घालता पळालो, गुडघ्यासकट! तिनं ‘पावणं, दूध, घोडं, कोल्हापूर’ घातलं, तर आगदी वर, पैल्या वळीत... वाचलं. ‘दूध गार व्हालंय. आपला, पावणं.’

मीच वो! हुडकाय गेलो त्याला, गावलो मी!

शबनूरनं खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं. आन मला एकदम वाटलं, त्योबी कुठल्यातरी शहरात, सूनबाईची अळणी आमटी जेवून, असल्याच खोक्याफुडं बसला असंल. मला हुडकत असंल. त्यालाबी माझं सगळं ठाव हाय की, गुडघा, गाद्या, सुलतानबी... नाव तेवढं ठाव न्हाय. बोटानं एकेक अक्षर हुडकून ‘पावणा’ घालत असंल. आन त्यालाबी धरणच दिसत असंल वो! वजाबाकीची खूण कोण शिकवणार त्याला?

आवो, उठलासा? बसा की! हौशीची धार अजून व्हायचीया. कागलची एश्टी हाय म्हणताय? बरं, जावा, एश्टी चुकवू नगासा. उद्या येणार न्हवं? या, जागा धरून ठेवतो. फकस्त एक काम करा पावणं, जाता जाता तुमचं नाव तेवढं सांगून जावा. आडनावासकट. हसू नगासा, मला लई गरज हाय त्येची...

काय म्हणालासा? ‘उद्या सांगतो, पावणं’?

...झालं मग!