नंबर कोणाचा

गुढियारीतल्या बायांच्या दवाखान्यात कुमुदबाई एकट्याच बसल्या होत्या. पेशंट कोण, असं नर्सनं विचारलं तेव्हा ‘बहू आ रही है’ असं त्यांनी ठोकून दिलं होतं. शेजारी एक सासू-सून बोलत होत्या.

“पाळी चुकली काय वं तुयी? मले तरी सांगायचं!”

“नाही ना, आई.”

“मंग काहून आणलं मले इथं? मी तर देवाजवळ दिवा लावून आली.”

“भर थंडीत कूलर लावून कोण झोपते, आई?”

“गरमी होते मले.”

“घामानं भिजता. बाबांवर खेकसता, मंग बाथरूमात जाऊन रडता.”

“पाळी गेली का होतेच ते. त्याले काय डॉक्टर लागते? आमच्यात कोणी नाही गेलं.”

“म्हणून तर मीच नंबर लावला.”

“सुशीला दीदी!” नर्सनं हाक मारली.

“अगं बाई, हे तर माहं नाव!”

“हव. चला.”

“तू राहशीन ना आत?”

“राहीन ना.”

दोघी आत गेल्या. नर्स कुमुदबाईंकडे वळली.

“आंटी, आपकी बहू नहीं आई?”

कुमुदबाईंनी पदरानं कपाळावरचा घाम टिपला.

“बहू नहीं आएगी, बेटा. मरीज मैं ही हूँ.”